सव्वादहा महिन्यांची फटफटी

सरका, पुढं सरका. मागं भिंतीला टेकलेल्यांनी डोळा लागायच्या आत पुढं यावं, कारण आजची गोष्ट कुठल्या बुवानं कीर्तनात सांगितलेली नाही आणि सांगेल असं वाटतही नाही. हिच्यात देव आहे, भंडारा आहे, नवरा आहे, बायको आहे, मेव्हणा आहे, आणि या सगळ्यांच्या मधोमध स्टँडवर लावलेली एक फटफटी आहे. ऐकताना हसू आलं तर खुशाल हसा. ज्या देवानं दोन-दोन संसार सांभाळले, तो माणसाच्या हसण्याला रागावत नाही.

अणदूरचा खंडोबा तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर एवढं ध्यानात ठेवा: देव एक, गावं दोन. सव्वादहा महिने तो अणदुरात राहतो आणि पावणेदोन महिने शेजारच्या नळदुर्गात. मार्गशीर्षात जातो, पौषाची जत्रा आटोपून परत येतो. आणि हे जाणं-येणं तोंडी नसतं बरं का! दोन्ही गावांत लेखी करार होतो, मगच देव उंबरा ओलांडतो. आता जिथं देवालासुद्धा कागदाशिवाय हलता येत नाही, तिथं दाजी-मेव्हण्यानं एका फटफटीसाठी करार केला यात नवल ते काय?

दाजी म्हणजे अणदूरचे आण्णासाहेब. वय साठीला टेकलेलं, मिशा चाळिशीच्या. द्राक्षाची थोडी बाग, बाकी ज्वारी-तूर, आणि गाडीचं वेड पहिल्यापासून. मेव्हणा म्हणजे नळदुर्गचा रणधीर. आण्णासाहेबांच्या बायकोचा, दगडाबाईचा, धाकटा भाऊ. दगडाबाईच्या वडलांची एक जुनी फटफटी होती. सासरे गेल्यावर तिच्यावर दोघांनी हक्क सांगितला. जावई म्हणाला, शेवटची दहा वर्षं म्याच पुसली. लेक म्हणाला, बाप माझा होता. मग पुण्याच्या एका हौशी माणसानं ती फटफटी दिवाणखान्यात ठेवायला म्हणून उचलली, आणि त्या पैशांत भर घालून दोघांनी मिळून नवी घेतली. दिसायला थेट जुन्यासारखी. गोल दिवा, टपोरी टाकी, चकचकीत मडगार्ड. पण पोटात कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शन. म्हणजे पेट्रोल किती सोडायचं, कधी सोडायचं, हे सगळं सीटखालचा काँप्युटर ठरवणार.

करार लिहिला योगीराज भाऊसाहेबांनी. शाळेतनं कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस, कागद समोर आला की त्यांच्या अंगात येतं. कलम एक: वाहन सव्वादहा महिने अणदूर मुक्कामी व पावणेदोन महिने नळदुर्ग मुक्कामी राहील. कलम दोन: देव निघेल त्या दिवशी वाहन निघेल. कलम तीन हॉर्नबद्दल होतं, ते सोडा. कलम चार मात्र नीट ऐका: ज्याच्या ताब्यात असताना वाहन तीन वेळा वाटेत बंद पडेल, त्याने ते दुसऱ्यास कायमचे सोडून द्यावे.

"कायमचं?" आण्णासाहेबांनी तेव्हा विचारलं होतं.

"जो गाडी सांभाळू शकत न्हाय त्यानं ठिवू नये," रणधीर म्हणाला होता.

आण्णासाहेब हसले होते. मिशांना पीळ देऊन सही ठोकली होती. गाडी बंद पडायची ती रणधीरच्याच हातात पडेल याची त्यांना खात्री होती.

गाडीचं नाव अणदुरात म्हाळसा पडलं. नळदुर्गात गेली की रणधीर तिला बाणाई म्हणायचा. देवाला चालतं तर आपल्याला का चालू नये, असा त्याचा हिशेब.

चौकातल्या हॉटेलात मात्र पहिल्या दिवसापासून तिची चेष्टा. "आण्णा, जुन्या गाडीला पान्हा आन पक्कड बास व्हती. हिला डॉक्टर लागंल डॉक्टर!" "इंजेक्शनवर चालती म्हंजे सलाईनवरचाच पेशंट की वो. पाच वर्सांत भंगारात दिसंल." दगडाबाईनं तर पहिल्याच दिवशी गंभीरपणे विचारलं, "अवो, आन हिला रोज इंजेक्शन कोण द्यायचं?"

पण पाच वर्षं गेली, सहावं सरत आलं, काटा एकाहत्तर हजारांवर पोचला, आणि म्हाळसा भंगारात गेली नाही. टायर तीनदा झाले, चेन दोनदा झाली, क्लचच्या प्लेटा एकदा, बॅटरी एकदा, हँडलखालचे छर्रे एकदा बदलले. बस्स. जुन्या फटफटीला एवढा खर्च एका पावसाळ्यात व्हायचा, आणि तिच्याखाली अंगणात जे तेल सांडायचं त्यात घरादाराची भजी तळून निघाली असती. म्हाळसा थंडीत बटणावर सुरू. जुनीची किक उलटली की आठ दिवस पोटरी निळी. हॉटेलवाल्यांना आण्णासाहेब हे सगळं इतक्यांदा सांगायचे की त्यांच्या तोंडातनं "एकाहत्तर" निघालं की माणसं चहा अर्धा टाकून उठायची.

एक गोष्ट मात्र ते हॉटेलात सांगत नसत. घरीही सांगत नसत.

दगडाबाईला कीर्तनाचं वेड. साधंसुधं नाही. अणदूर, जळकोट, इटकळ, तुळजापूर, जिथं म्हणून वीणा उभी राहील तिथं बाई हजर. बुवांचं धृपद चुकलं तर टाळकऱ्यांच्या आधी तिची मान हलायची. नवशिके बुवा तिला बघून बिचकायचे. गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढवत नव्हती, म्हणून ही मागची सीट तिची. आण्णासाहेब कीर्तनाला जात, पण पूर्वरंग संपायच्या आत खांबाला टेकून गाढ झोपत. परतीच्या वाटेवर मग दगडाबाई मागं एका अंगावर बसून सगळं कीर्तन त्यांच्या कानात परत सांगायची. दृष्टांत, विनोद, बुवांचे हातवारे, सगळं. जुन्या फटफटीवर यातलं अक्षर ऐकू आलं नसतं. म्हाळसा मात्र अशी गुबगुबीत, मऊ चालायची, की बायकोचा श्वास कुठं थांबला तेही कळायचं. आण्णासाहेबांना कीर्तन आवडायचं ते असं, पाठीला चिकटून ऐकलेलं. लग्नाला अडतीस वर्षं झालेल्या माणसानं असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, म्हणून ते बोलले नव्हते. पण गाडी कायमची नळदुर्गला गेली तर हे जाणार, एवढं त्यांना कळत होतं.

आणि गाडी जायची वेळ आली होती.

झालं असं, की चौथ्या वर्षापासनं गाडीच्या काट्यात एक पिवळा दिवा लागायला लागला. किल्ली फिरवली की तो लागतो आणि सुरू झाल्यावर विझतो, ते कंपनीचंच असतं. हा विझेनासा झाला. दिव्यावर चित्र इंजिनाचं, पण दगडाबाईला ते कासव दिसलं. बसकं, पाय पोटात घेतलेलं. देवळात देवासमोर असतं तसं. आणि रंग बघा, भंडाऱ्याचा! बाईनं हात जोडले.

"अगं ती खूण हाय इंजिनाची," आण्णासाहेब म्हणाले.

"कुणाची बी आसू दे. देवाम्होरं कासव आसतंय. ते पेटलंय म्हंजे देव जागा हाय."

आण्णासाहेबांनी वाद घातला नाही. तीन वर्षांची वॉरंटी संपल्यापासनं त्यांनी सोलापूरच्या सर्व्हिस सेंटरला जाणंही सोडलं होतं. चिंचेखाली गाडी लावायची, तेल बदलायचं, चेनीला ग्रीस फासायचं, झालं. बाकीचं काँप्युटर बघून घेतो, ही त्यांची श्रद्धा. दगडाबाईची कासवावर, यांची काँप्युटरवर. दोघांत फार अंतर नव्हतं.

गाडी पहिल्यांदा बंद पडली तुळजापुरात, लॉजच्या गर्दीत. सिग्नल नसलेल्या गावात सिग्नलला थांबल्यासारखी थांबली आणि धुक्‌ करून विझली. चार यात्रेकरूंनी ढकलून बाजूला घेतली. पाच मिनिटांनी आपोआप सुरू. "देवीनं दर्शनाला थांबवलं," म्हणून आण्णासाहेबांनी वेळ मारून नेली. दुसऱ्यांदा बंद पडली ती गेल्या दिवाळीत, भाऊबीजेला, नळदुर्गात, रणधीरच्या बरोब्बर दारात. रणधीर आत दगडाबाईकडनं ओवाळून घ्यायला पाटावर बसला होता, आण्णासाहेब बाहेर गाडी चालू ठेवून परतायची घाई करत होते. तो तसाच कुंकवाच्या कपाळानं उठला, आधी घड्याळ बघितलं आणि मग बहिणीकडं. "दोन झालं दाजी," म्हणाला. योगीराज भाऊसाहेबांना त्यानं तिथूनच फोन लावला.

तेव्हापासनं आण्णासाहेबांचा एकच सिद्धांत: रणधीर पावणेदोन महिन्यांत गाडीत कुठलंतरी पाणी मिसळलेलं पेट्रोल भरतो आणि पुढचे सव्वादहा महिने आपण फेडतो. करारात पाचवं कलम होतंच. गाडी बंद पडण्यास दुसऱ्या पक्षाची हयगय कारण असल्यास ती वेळ मोजू नये. आता फक्त हयगय सिद्ध करायची.

देव निघायला तीन दिवस उरले होते. गाडी उभी राहिली की इंजिन गचके खायचं, घसा बसलेल्या बुवासारखं. आण्णासाहेबांनी ठरवलं, हायवेवरच्या सोनालीला दाखवायची. ही सोनाली म्हणजे आयटीआय शिकून आलेली गावातलीच लेक. नळदुर्गच्या अलीकडं तिनं गॅरेज टाकलं होतं, आणि तिच्याकडं गाडीच्या काँप्युटरशी बोलणारं यंत्र होतं. "म्या बी येते," दगडाबाई म्हणाली. निघायच्या आधी ती घाईघाईनं गाडीच्या उजव्या अंगाला वाकून काहीतरी करत होती. आण्णासाहेब आरशात मिशा बघत होते.

गॅरेज दोनशे पावलांवर राहिलं, आणि म्हाळसा धुक्‌ करून विझली. बसथांब्यासमोर. बसथांब्यावर कोण उभं? पिशवी घेऊन सोलापूरच्या बसची वाट बघत योगीराज भाऊसाहेब.

आण्णासाहेबांनी बटण दाबलं. परत दाबलं. काट्यातलं कासव पिवळं हसत होतं.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "तुमाला दिसलं न्हाय."

"आण्णासाहेब, माझ्या चष्म्याचा नंबर कालच बदलून आणलाय," भाऊसाहेब दुःखानं म्हणाले. "तीन."

"पाचवं कलम!" आण्णासाहेब ओरडले. "रणधीरला बोलवा. आत्ता. पोरगी यंत्र लावंल, समद्यांसमक्ष लावंल. हयगय कुणाची ते निघू दे भाईर!"

रणधीर अर्ध्या तासात आला. चेहरा हसरा, कारण गाडी आपली झाली हे त्याला फोनवरच कळलं होतं. सोनालीनं सीट काढली, खालच्या तारेला यंत्र जोडलं, आणि पडद्यावर काहीतरी वाचायला लागली. दोन्ही पक्ष तिच्या खांद्यावरनं वाकून बघत उभे. भाऊसाहेबांनी कागद मांडीवर उघडला. त्यांची बस आली आणि गेली. ते हललेही नाहीत.

"काय म्हणतंय?" आण्णासाहेब. "पेट्रोलात पाणी दिसतंय का?"

"ह्यात गाडीचं दुखणं दिसतंय काका, मेव्हण्याची नियत न्हाय दिसत," सोनाली म्हणाली. "हवेचं सांगतंय. इंजिनाला हवा किती चाललीय ते कळवणारा सेन्सर चुकीचं बोलतोय. फिल्टर कधी बदललाय?"

"काँप्युटर बघत आसंल की ते."

"काँप्युटर?" सोनालीनं पान्हा खाली ठेवला. "काका, काँप्युटरला हात न्हाईत. वॉरंटी संपल्यापासनं एकदा बी डबा उघडला न्हाय तुमी?"

"कुठला डबा?"

 सोनालीनं उजव्या बाजूचं गोल झाकण फिरवून उघडलं.

आणि मंडळी, त्या डब्यातनं भंडारा सांडला.

चिमूटभर नव्हे. ओंजळभर. सोनालीचे हात मनगटापर्यंत पिवळे. आत फिल्टर म्हणून जो घडीघडीचा कागद असतो तो हळदीच्या चिखलात थापलेला, आणि त्याच्याभोवती कागदी पुड्या. एक, दोन, तीन, आणि अजून कोरीच राहिलेली चौथी. जुन्या तिन्ही ओल खाऊन फाटलेल्या. इंजिन श्वास घेतंय आणि प्रत्येक श्वासाला भंडारा ओढतंय, असं तीन वर्षं चाललेलं.

"येळकोट," सोनाली हळूच म्हणाली.

रणधीर खो खो हसायला लागला. आण्णासाहेबांनी मात्र झडप घालून चौथी पुडी उचलली. कागदावर दुकानाचं नाव छापलेलं होतं. नळदुर्गच्या बाजारपेठेतलं दुकान!

"बगा भाऊसाहेब! बगा! नळदुर्गचा भंडारा! पावणेदोन म्हैनं ह्याच्याकडं गाडी, आन हा तिच्या नरड्यात हळद कोंबतोय! लिवा कलम पाच!"

रणधीरचं हसू थांबलं. "दाजी, आईशप्पत, म्या न्हाय."

"मग देवानं येऊन ठिवली व्हय?"

"पुड्या नळदुर्गच्याच दिसतात खऱ्या," भाऊसाहेब चष्मा वर करून म्हणाले आणि पेनचं टोपण काढलं. "तीन वेळांपैकी तिन्ही रद्द. उलट हयगय इतकी गंभीर आहे, की रणधीर, तुझा ताबा जातो."

झालं! आण्णासाहेब जिंकले. गाडी कायमची अणदूरची. पावणेदोन महिन्यांचासुद्धा विरह नाही. त्यांनी पुडी विजयानं उंच धरली, आणि उंच धरली म्हणूनच उन्हात तिच्यावरचा दोरा दिसला.

हिरवा दोरा. तीन वेढे, मग एक गाठ, मग गाठीवर उलटी गाठ. मिश्रीची पुडी अशी बांधतात. जगात एकच बाई मिश्रीची पुडी अशी बांधते, आणि अडतीस वर्षं रोज सकाळी ती गाठ आण्णासाहेबांनाच सोडावी लागते, कारण बांधणारीला स्वतःला ती सुटत नाही.

त्यांनी दगडाबाईकडं बघितलं. ती टायरच्या ढिगावर बसली होती. पदर तोंडात. डोळे मोठे.

मग सगळं आठवलं. पहिली तीन वर्षं ती पुडी हँडलला बांधायची. गाडी नळदुर्गहून परत आली की लगेच. माहेरहून भंडारा घेऊन यायची. आणि आपणच खेकसलो होतो, की एवढ्या देखण्या गाडीला काय हे गाठोडं टांगलंय, लोक हसतात. बाईनं हँडलची पुडी सोडली. देव सोडला नव्हता. शोधत बसली असेल आणि सापडला हा डबा. झाकण फिरवलं की उघडतो, आत पांढरा स्वच्छ घडीचा कागद. देवघरासारखाच वाटला असेल बिचारीला.

भाऊसाहेबांचं पेन कागदाला टेकलं होतं. रणधीर खाली मान घालून उभा. काहीच बोलायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि आण्णासाहेबांना गप्प बसणं किती येतं ते कीर्तनातल्या खांबाला ठाऊक होतं. गप्प राहिलं की गाडी आपली, मागची सीट आपली, कानातलं कीर्तन आपलं.

"थांबा भाऊसाहेब," ते म्हणाले. "रणधीर न्हाय. म्या ठिवल्या."

"तुम्ही?"

"म्या. देवभोळा माणूस हाय. ठिवल्या. लिवा, तीन झालं. घिऊन जा रे गाडी."

 मग टायरच्या ढिगावरनं दगडाबाई उठली. गुडघे कटकन वाजले.

"खोटारडं माणूस!" ती म्हणाली. "अवो, तुमाला हितं डबा हाय हेच आत्ता कळलं! तुमी कशाला ठिवताय? म्या ठिवल्या. सुखरूप जावं, सुखरूप यावं म्हणून ठिवल्या. जी गाडी किक न मारता सुरू व्हती ती न सांगता बंद बी पडंल, असं वाटायचं मला. आन कासव पेटलं तवा वाटलं, देव पावला. म्हणून आज डबल भरून ठिवली."

"काकी," सोनाली हळदीचे हात पुसत म्हणाली, "देवानं भंडारा कपाळाला दिलाय. फिल्टरला न्हाय."

"मला काय ठावं त्यो फिल्टर हाय? कंपनीनं त्यावर लिवायचं न्हाय व्हय?"

योगीराज भाऊसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांच्यापुढं खरा पेच होता. त्यांनी कागद दोनदा वाचला, घसा साफ केला आणि विचारलं, "करारात दोनच पक्ष आहेत. अणदूर आणि नळदुर्ग. तेव्हा मला आधी सांगा, दगडाबाई कोणत्या पक्षाची?"

आता बघा हं, मंडळी. बाई नळदुर्गची ठरली, तर हयगय नळदुर्गची, गाडी आण्णासाहेबांची. अणदूरची ठरली, तर गाडी रणधीरची. शहाण्या माणसानं काय म्हणावं ते उघड आहे. पण तिथं शहाणं कोण होतं?

"माझी," आण्णासाहेब ताबडतोब म्हणाले. "अडतीस वर्सं माझ्या घरात हाय. अणदूरची. लिवा."

"आसं कसं?" रणधीर उसळला. "आक्का आमची हाय! नळदुर्गची लेक हाय! जलमली आमच्यात, भंडारा आमच्यातनं न्हेती. लिवा भाऊसाहेब, नळदुर्ग!"

"आरं, नळदुर्ग लिवलं तर गाडी जाती तुजी!"

"जाऊ द्या गाडी! आक्का सोडणार न्हाय म्या!"

"तू कोण रं सोडणार? म्या हात धरून आणलीय!"

"आमी दिली म्हणून आणली!"

दोघं हमरीतुमरीवर. हायवेवरचा एक ट्रकवाला थांबून बघायला लागला. त्याला वाटलं जमिनीचं भांडण असावं. सोनालीनं शांतपणे नवा फिल्टर काढला, हवेचा रस्ता फवारा मारून धुतला, सेन्सर पुसला, डबा बंद केला. यंत्रावर काहीतरी दाबलं. कासव विझलं. तिनं बटण दाबलं तशी म्हाळसा, बाणाई, जे काय असेल ते, पहिल्याच दमाला सुरू झाली आणि गुबगुबीत, मऊ आवाजात चालायला लागली. पण बघायला कुणी मोकळं नव्हतं.

"गप्प बसा दोघं बी!" दगडाबाई म्हणाली. कीर्तनात टाळ चुकल्यावर ती जसं बघते तसं तिनं दोघांकडं बघितलं. "भाऊसाहेब, पेन धरा. लिवा. देवाला जे हाय तेच मला. सव्वादहा म्हैनं अणदूरची, पावणेदोन म्हैनं नळदुर्गची."

"म्हणजे?" भाऊसाहेब.

"म्हंजे देव निघंल त्या दिवशी गाडी निघंल, आन गाडीवर म्या. अडतीस वर्सांत म्हायेरी कवा चार दिसांच्या वर ऱ्हायले व्हय? भाऊबीजेला ताट खाली ठिवायच्या आत ह्यांचा हॉर्न. देव पावणेदोन म्हैनं जातोय, मला का न्हाय? म्या काय देवापरीस जास्त कामाची हाय?"

 आण्णासाहेबांनी मिशांना पीळ द्यायला हात वर नेला आणि तसाच खाली आणला.

"आन चौथं कलम?" रणधीरनं चाचरत विचारलं.

"ते खोडा. बंद पडली तर डबा उघडायचा, भांडाण न्हाय उघडायचं."

भाऊसाहेबांनी कलम चार आडवी रेघ मारून खोडलं, दोन्ही पक्षांच्या सह्या घेतल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिसऱ्या पक्षाची सही घेतली. दगडाबाईनं सांडलेल्या भंडाऱ्यात अंगठा बुडवून तोच उठवला. सोनालीनं जाताजाता आण्णासाहेबांना बजावलं, "काका, ही गाडी आजून लाखभर किलोमीटर सहज जाईल. दर उन्हाळ्यात फिल्टर बदला, मला दाखवा, आन हिला देव मानायच्या ऐवजी गाडी माना."

तिसऱ्या दिवशी देव निघाला. मागनं, अदबीचं अंतर ठेवून, म्हाळसा निघाली. वेशीपर्यंत आण्णासाहेबांनी चालवली, वेशीवर रणधीर बसला. मागं दगडाबाई, मांडीवर पिशवी, कपाळाला भंडारा. गाडीच्या दिव्याला तिनं एक बोट लावलं, तेवढंच.

आता आण्णासाहेब स्वतःच्या हातच्या भाकरी खातात. त्या गोल होत नाहीत. हॉटेलात ते एकाहत्तर हजाराचं काढत नाहीत, म्हणून माणसांना चुकल्यासारखं होतं. परवा रणधीरचा फोन आला. "दाजी, काल जळकोटला कीर्तन झालं. येताना आक्कानं सगळं कीर्तन परत सांगितलं कानात. पार शेवटच्या आरतीपर्यंत. गाडी कशी चालवावी वो माणसानं?"

"हळू," आण्णासाहेब म्हणाले. "चाळिसाच्या वर जायचं न्हाय. उत्तररंग निसटतो."

फोन ठेवून ते चिंचेखालच्या रिकाम्या जागेपर्यंत जाऊन आले. मग टोपी घातली आणि एसटीनं नळदुर्गला निघाले. दोन तास बायकोसमोर बसले, बाजारातनं तिला मिश्रीची पुडी आणून दिली, तिनं ती बांधली तशी गाठ सोडून दिली, आणि संध्याकाळच्या आत परत आले. करारात हे बसतं का, असं त्यांनी भाऊसाहेबांना विचारलं. भाऊसाहेब म्हणाले, याला कलम लागत नाही.

तर मंडळी, उठायच्या आधी एवढं ऐका. तुमच्याही गाडीच्या काट्यात कधीतरी पिवळं कासव पेटेल. तेव्हा शेजाऱ्याचं नाव घेऊ नका, मेव्हण्याचं तर मुळीच नको. उजव्या अंगाचं झाकण फिरवा, डबा उघडा, आत काय आहे ते नीट बघा. आणि बघता बघता अणदूरच्या, आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या, दगडाबाईची आठवण तेवढी काढा.